बिनपाण्याची आणि पाण्याची

‘बिनपाण्याने हजामत करणे’ हा वाक्प्रचार आपण मराठी माणसे इतक्या सहजपणे वापरतो, की त्यामागचा अनुभव आपल्या ध्यानातही येत नाही. कोरड्या गालावरून वस्तरा फिरणे म्हणजे काय, हे सांगू शकणारी पिढी आता राहिली नाही. बरकतपुऱ्यातील एका तीन खुर्च्यांच्या केशकर्तनालयात, गरम टॉवेलाखाली डोळे मिटून बसलो असता, आम्हांला हा वाक्प्रचार आठवला आणि त्यामागचा इतिहासही धुंडाळावासा वाटला.

त्या दिवशी आम्ही घाईत होतो. टॉवेल राहू द्या, असे म्हणताच कारागीर उत्तरला, “जल्दी नक्को करो साब, बाल को पानी पीने दो.” त्याच्या ‘नक्को’मध्ये आपल्याच ‘नको’चा नाद आहे, हे हैदराबादेत वाढलेल्या वाचकांना सांगावयास नको. त्याचे म्हणणेही शास्त्राला धरून होते. दाढीचा केस कोरडा असताना चिवट असतो. पाणी शोषले की तो फुगतो, मऊ होतो आणि पात्याला सहज वश होतो. म्हणून आधी पिळलेला गरम टॉवेल, मग कुंचल्याने घोळवलेला फेस, मग केसांच्या वळणाने एक हात, उलट दिशेने हलका दुसरा हात, आणि शेवटी तुरटीचा खडा व गार टॉवेल. या साऱ्या वेळात गिऱ्हाईकाचा गळा उघडा असतो आणि धार दुसऱ्याच्या हाती असते. इतका विश्वास आपण क्वचितच कोणा अनोळखी माणसावर टाकतो.

या व्यवसायाची नावेही बोलकी आहेत. ‘न्हावी’ हा शब्द ‘नापित’ आणि ‘स्नान’ यांच्या परिसरातला मानतात. म्हणजे पाणी त्या नावातच आले. मराठवाड्यात ‘वारीक’ हा जुना शब्द आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी होता. ‘हज्जाम’ हा अरबी शब्द मुळात तुंबड्या लावून रक्त काढणाऱ्याचा. त्याची खूण सांगते की वस्तरा हे एकेकाळी शल्यवैद्याचेही हत्यार होते. तेलुगू मुलखातील मंगली तर वस्तऱ्याबरोबर सनईही हाती धरीत आला.

गावगाड्यात न्हावी हा बलुतेदार. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गांव-गाडा’ या ग्रंथात ज्या व्यवस्थेची चिकित्सा केली, तिच्यात त्याला रोजच्या कामाचे पैसे मिळत नसत. सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा मिळे. त्या बदल्यात श्मश्रू, अंगमर्दन, लग्नातील दिवटी ही सारी कामे त्याच्याकडे. त्याला गिऱ्हाईक निवडता येत नसे आणि गिऱ्हाइकाला न्हावी. या व्यवस्थेचे गोडवे आपल्याकडे पुष्कळ गायिले गेले. तिच्या दोन काळ्या बाजू मात्र आपण झाकून ठेवल्या.

पहिली बाजू आपल्याच घरातली. जुन्या घराण्यांच्या छायाचित्रांत लाल आलवणाचा पदर डोक्यावरून ओढून, कोपऱ्यात बसलेली एखादी आत्या किंवा काकी दिसते. त्या पदराखाली केस नसत. पती गेल्यावर ज्या हाताने तिचे केस उतरविले, तो हात न्हाव्याचा होता. पण त्याला बोलावणारे आपण होतो. दुसरी बाजू गावकुसाबाहेरची. गावाचा न्हावी अस्पृश्यांची श्मश्रू करीत नसे, आणि केली असती तर उरलेल्या गावाने त्याला दारात उभे केले नसते. एकीकडे, जिला वस्तरा नको होता तिच्यावर तो चालविला जाई. दुसरीकडे, ज्याला तो हवा होता त्याला तो नाकारला जाई.

पहिल्या अन्यायाला उत्तर दिले ते खुद्द न्हाव्यांनीच. १८९० साली मुंबईत शेकडो न्हावी एकत्र जमले आणि विधवांचे केशवपन करणार नाही, असा निश्चय त्यांनी केला. यामागे प्रेरणा होती ‘दीनबंधू’चे संपादक आणि सत्यशोधक कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांची. याच लोखंड्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारली होती, आणि १८९० च्याच १० जूनला कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती त्यांच्याच प्रयत्नाने. सुधारणेच्या इतिहासात आपण शास्त्रार्थ करणाऱ्या विद्वानांची नावे पाठ करतो. ज्यांचे पोट त्या वस्तऱ्यावर चालत होते त्यांनी तो म्यान केला, ही गोष्ट मात्र तळटिपेत राहते. त्यांनी स्वतःचे उत्पन्न सोडले. आपण काय सोडले, हा प्रश्न आमच्या पिढीने विचारावयास हवा.

दुसऱ्या अन्यायाला उत्तर मिळण्यास १९४८ साल उजाडावे लागले. १७ सप्टेंबरला हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले, आणि २९ नोव्हेंबरला दिल्लीत घटना समितीपुढे भेदभावबंदीचे कलम आले. त्यात दुकानांत प्रवेशाचा हक्क होता. ‘दुकान’ या शब्दाची व्याप्ती किती, अशी पृच्छा झाली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी तो शब्द व्यापक अर्थाने योजिल्याचे सांगितले. नुसते आत पाऊल टाकण्याची मुभा एवढाच त्याचा अर्थ नाही. ठरलेल्या अटी मान्य करणाऱ्याला तेथील सेवाही मिळाली पाहिजे, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. केशकर्तनालयाची खुर्ची या अर्थाने दुकानच ठरते. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने असा नकार दंडनीय केला.

आपले पूर्वज औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडकडून रेल्वेने या शहरी आले. १९१६ साली उभ्या राहिलेल्या काचीगुडा स्थानकावर त्यांचे बिछाने उतरले, देवघरातले देव उतरले. बलुते तेवढे उतरले नाही. शहरात न्हाव्याला रोख दाम मोजावे लागे. याच काळात अमेरिकेत किंग कॅम्प जिलेट यांनी १९०३ साली सुरक्षित पात्याचा वस्तरा बाजारात आणला. १९०४ मध्ये त्याचे पेटंट त्यांना मिळाले आणि पहिल्या महायुद्धात तो सैनिकांच्या सामानात पोहोचला. घरोघरी माणसे स्वतःची दाढी स्वतः करू लागली. न्हावी आता संपला, असे कोणासही वाटले असते. पण त्याने ते पातेच आपल्या कामी लावले. एड्सच्या भीतीने गिऱ्हाईक सावध झाले, तेव्हा जुन्या वस्तऱ्याच्या जागी बदलत्या पात्याची मूठ आली. प्रत्येकासाठी नवे अर्धे पाते, तेही त्याच्या डोळ्यांदेखत मोडलेले. २०२० च्या टाळेबंदीत हीच दुकाने महिनोन्महिने ओस पडली. पुढे १ एप्रिल २०२१ पासून तेलंगण शासनाने केशकर्तनालयांना दरमहा २५० युनिटपर्यंत विनामूल्य वीज देण्याची योजना आणली, तेव्हा हा व्यवसाय किती हातांवर आणि किती थोड्या मिळकतीवर चालतो, हे शासनाच्याही लेखी आले.

आमची दाढी आटोपली. शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या गृहस्थाची जात आम्हांला ठाऊक नव्हती, त्याला आमची नव्हती, आणि कारागिराने दोघांनाही विचारली नव्हती. भिंतीवर दरपत्रक होते. ज्याला परवडेल त्याला टॉवेल. आम्ही पैसे दिले, त्याने सुट्टे परत केले, आणि कोणी कोणाचा ऋणी राहिला नाही. बलुत्यात जिव्हाळा होता, असे म्हणणाऱ्यांना आम्ही खोटे पाडू इच्छीत नाही. पण त्या जिव्हाळ्यातून उठून जाण्याची मोकळीक दोघांपैकी एकालाही नव्हती.

घरी आल्यावर जुना अल्बम काढला. आलवणातील त्या आजीच्या छायाचित्राखाली नाव लिहिलेले नाही. घरातल्या कोणालाही ते आता सांगता येत नाही. ज्यांच्या घरी असे छायाचित्र आहे आणि ज्यांना नाव ठाऊक आहे, त्यांनी ते आजच त्याखाली लिहून ठेवावे, एवढीच विनंती. तिची हजामत बिनपाण्याची झाली होती. निदान तिचे नाव तरी पुसले जाऊ नये.