पाच दिवसांची मुदत

रक्तातल्या लाल पेशी फ्रिजमध्ये महिनाभराहून जास्त टिकतात, मग प्लेटलेट्सची मुदत पाचच दिवस का, हा प्रश्न मला डेंग्यूच्या दिवसांत नेहमी पडायचा. उत्तर इतिहासात सापडलं.

पूर्वी प्लेटलेट्सही थंडच ठेवत. १९६९मध्ये फिलाडेल्फियाच्या स्कॉट मर्फी आणि फ्रँक गार्डनर यांनी दाखवलं, की ४ अंशांवर ठेवलेल्या प्लेटलेट्स शरीरात गेल्यावर लवकर नाहीशा होतात. खोलीच्या तापमानाला ठेवलेल्या कितीतरी जास्त टिकतात. म्हणून त्या फ्रिजबाहेर आल्या: २०–२४ अंश, सतत हलणारा ट्रे. पुढे ऑक्सिजन आत जाऊ देणाऱ्या पिशव्या आल्या, आणि १९८४मध्ये अमेरिकेनं मुदत सात दिवसांवर नेली. पण जी ऊब प्लेटलेट्सना मानवते, तीच जंतूंनाही. १९८६मध्ये मुदत पुन्हा पाचवर आली.

या पाच दिवसांतही फरक पडतोच. जुन्या पिशवीनं काउंट ताजीइतका चढत नाही. मात्र रक्तस्राव रोखण्यात ती कमी पडते, असं मोठ्या अभ्यासात दिसलेलं नाही. त्यामुळे ‘ताजीच हवी’ म्हणून अडून बसण्यात अर्थ नाही. खरी अडचण वेगळी आहे: प्लेटलेट्सचा साठा करून ठेवता येत नाही. दाता दर आठवड्याला नवा लागतो.