हिवाळी भाज्या-फुलांची रोपे घरीच कशी करावीत

घटस्थापनेला आपण घरोघरी मातीत धान्य पेरतो. नऊ दिवसांत ते वीतभर वाढते, पण फिकट पिवळे राहते, कारण देवघरात ऊन नसते. घटाला तो पिवळेपणा शोभतो. टोमॅटोच्या रोपाला मात्र तो घातक असतो. घरात रोपे करताना सर्वात जास्त चुका होतात त्या इथेच.

केव्हा पेरावे

सुरतेची थंडी जेमतेम तीन महिन्यांची. फेब्रुवारी संपता संपता ऊन तापू लागते. त्यामुळे दिवाळीच्या सुमारास लावणीजोगी रोपे हाताशी हवीत, म्हणजे पेरणी नवरात्राच्या आसपास. तेव्हा परतीचा पाऊस उघड्यावरचे बी वाहून नेतो आणि ऑक्टोबरचे ऊन कोवळे कोंब करपवते. थंड देशांत बर्फामुळे घरात बी लावतात, आपण पाऊस आणि उन्हामुळे लावायचे.

बियाणे

पाकिटावरची चाचणीची तारीख आणि मुदत पाहून घ्यावी. गेल्या वर्षीचे बी असेल तर दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावेत. सहापेक्षा कमी रुजले तर नवे पाकीट आणलेले बरे. फ्लॉवरची लवकर येणारी जात घ्यावी.

पेरणी

कोकोपीट आणि गांडूळखत समप्रमाणात मिसळून रोपांच्या ट्रेमध्ये किंवा तळाला भोक पाडलेल्या कपात भरावे. बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल पेरावे. पिटुनियाचे बी धुळीसारखे बारीक असते आणि त्याला रुजायला उजेड लागतो. ते नुसते दाबावे, झाकू नये.

उगवण आणि लावणीचे दिवस (दोन्ही पेरणीपासून, साधारण):

- टोमॅटो: उगवण 5 ते 8, लावणी 25 ते 30
- फ्लॉवर, कोबी: उगवण 4 ते 7, लावणी 25 ते 30
- वांगी, मिरची: उगवण 7 ते 12, लावणी 35 ते 40
- कांदा: उगवण 7 ते 10, लावणी 45 ते 50
- झेंडू: उगवण 4 ते 7, लावणी 25 ते 30
- पिटुनिया: उगवण 7 ते 12, लावणी 45 ते 50

गाजर, मुळा, मेथी, पालक, कोथिंबीर यांची रोपे करू नयेत, थेट कुंडीत पेरावे. उंधियूसाठी सुरती पापडी हवी असेल तर तीही थेट कुंडीतच लावावी, तिच्या मुळांना धक्का सोसत नाही.

उगवल्यानंतर

कोंब दिसेपर्यंत ट्रे सावलीत चालतो. कोंब दिसला की त्याच दिवशी गॅलरीत सकाळचे ऊन मिळेल अशा जागी हलवावा. दोन दिवसांचा उशीरही रोप लांबट आणि लुळे करतो, मग ते सुधारत नाही.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षी मी टोमॅटोचा ट्रे हॉलमध्ये प्लास्टिकने झाकून ठेवला होता. माया म्हणून रोज दोनदा पाणी घालत होतो. एका सकाळी पाहतो तर चाळीसच्या चाळीस रोपे मातीलगत काळी पडून आडवी! सततची ओल आणि कोंडलेली हवा असली की बुरशी रोपे अशी कोलमडवते. म्हणून उगवताच झाकण काढावे, वरचा थर सुकल्यावरच पाणी द्यावे आणि तेही सकाळी.

लावणी

आधीचा आठवडाभर रोपांना रोज थोडे जास्त ऊन दाखवावे आणि पाणी थोडे कमी करावे. लावणी संध्याकाळी करावी, म्हणजे रोपाला सावरायला रात्र मिळते. दोन-तीन दिवस दुपारच्या उन्हात सावली धरावी.

एका वहीत पेरणी, उगवण आणि लावणीच्या तारखा लिहून ठेवा. बँकेतली सवय म्हणा, पण पुढच्या वर्षी आपल्याच गॅलरीचा हिशोब हाताशी असतो.

आणखी एक सुचवतो. झेंडू डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पुन्हा पेरा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून एकेक रोप देता येईल. प्लास्टिकच्या डब्या घरात पुरेशा झाल्या आहेत.