विजयदुर्गची आग

आमचं बाग धार जिल्ह्याच्या डोंगराळ भागात. समुद्र इथून फार लांब, म्हणून त्याच्या राखणीची गोष्ट आपल्याला परकी वाटते. पण माळव्यात इंग्रज आले, त्याची एक वाट कोकण किनाऱ्यावरून आली होती.

तुळाजी आंग्रे आपला परवाना, म्हणजे दस्तक, नसलेली जहाजं धरीत. इंग्रज त्यांना चाचा म्हणत. मराठी दौलतीत मात्र आंग्र्यांच्या घराण्याला 'सरखेल' हा मानाचा किताब होता. एकच माणूस, दोन बाजूंनी पाहिलेला. आपल्या अनेकांताला हे नवं नाही. पण अनेकांत म्हणजे कुणाचंच काही चुकलं नाही, असं नव्हे. तुळाजी पेशव्यांनाही जुमानत नव्हते.

म्हणून नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली. मार्च १७५५ मध्ये रामाजी महादेव यांनी मुंबईकरांशी करार केला. एप्रिलमध्ये कमोडोर जेम्सनं सुवर्णदुर्ग पाडाव केला. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर चालून आले. तोफांच्या माऱ्यात एका जहाजानं पेट घेतला, आग पसरली आणि आंग्र्यांचं आरमार जळून गेलं.

गडावरची सुमारे दहा लाखांची लूट इंग्रजांनी आपसांतच वाटून घेतली. किल्ला पेशव्यांना द्यायचा, तोही महिनोन्महिने अडवून ठेवला. ऑक्टोबरमध्ये नवा तह झाला तेव्हा कुठे तो सुटला; बदल्यात बाणकोट इंग्रजांकडे राहिलं. पुढच्याच वर्षी क्लाइव्हनं प्लासी जिंकली. चाचा गेला खरा, पण त्याच्याबरोबर मराठ्यांचं समुद्रावरचं बळही गेलं.

१८१७ मध्ये पेंढाऱ्यांच्या बंदोबस्तासाठी इंग्रजांनी दौलतराव शिंद्यांशी असाच सहकार्याचा तह केला. पेंढारी संपले आणि माळव्यावर इंग्रजांचा वचक बसला. बाग पुढे ज्या ग्वाल्हेर संस्थानात होतं, ते याच शिंद्यांचं.

मग दुसऱ्याची मदत घेऊच नये का? तसंही नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये दहा जण समुद्रातून मुंबईत उतरले आणि १६६ जीव गेले. एवढा समुद्र एका देशाच्यानं राखला जाणार नाही. म्हणून आज भारत श्रीलंका, मालदीव अशा शेजाऱ्यांबरोबर काम करतो. २०१८ मध्ये गुरुग्रामला केंद्र सुरू झालं. तिथं जहाजांची माहिती मित्रदेशांशी वाटून घेतली जाते.

शेजारीण मदतीला आली तर घरात घ्यावंच; किल्ल्यांचा जुडगा मात्र आपल्याच कमरेला असावा. नानासाहेबांनी तुळाजींना आवरलं, यात गैर नव्हतं. त्यांच्या आरमाराच्या जागी आपलं तितकंच तगडं आरमार उभं राहिलं नाही, ही खरी हानी.