कंदील, पडदा आणि निवेदक

मुंबईच्या पालिका शाळांत आठवीच्या विद्यार्थ्यांच्या हाती २०१५ साली टॅब आले, तेव्हा चित्रांच्या साहाय्याने कथा सांगून शिकविण्याची विद्या या शहरात प्रथमच अवतरली, असा पुष्कळांचा समज झाला. परंतु गिरगाव, दादर आणि परळ यांचे जुने दप्तर उघडून पाहणाऱ्यास तिचा उगम शतकापलीकडे आढळतो.

कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ सिद्ध केली. काचेवर हाताने रंगविलेली पौराणिक चित्रे जादूच्या कंदिलातून पडद्यावर पडत, काचा झपाट्याने पालटल्या म्हणजे पात्रे हालल्याचा भास होई, आणि निवेदन, संवाद व संगीत यांच्या योगे त्या मूक आकृतींस वाचा फुटे. यंत्र विलायती होते, पण कथनाची रीत कीर्तनाच्या मुलखातली होती. म्हणूनच ते प्रेक्षकांना परके वाटले नसावे.

या इतिहासातील मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रसंग मात्र धुंडिराज गोविंद फाळके यांचा आहे. गिरगावातील एका तंबूवजा चित्रगृहात ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहून ज्यांच्या मनाने ठाव सोडला, त्या फाळक्यांनी १९१२ साली विलायतेहून कॅमेरा आणल्यावर प्रथम देवादिकांची कथा न घेता कुंडीत वाटाण्याचे बी रुजविले, आणि त्याचा कोंब फुटून वेल होईपर्यंत, सुमारे महिनाभर, नित्यनेमाने थोडे थोडे चित्रण करून ‘अंकुराची वाढ’ हा इवलासा चित्रपट पुरा केला. भांडवलाची तजवीज व्हावी म्हणून तो धनिकांना दाखविण्यात आला, हे खरे. तथापि डोळ्यांस कधीही न दिसणारी वाढ क्षणार्धात प्रत्यक्ष घडविणारा तो वनस्पतिशास्त्राचा पाठच होता. पुढे दादरला चित्रित झालेला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रगृहात झळकलेला ‘राजा हरिश्चंद्र’ सर्वांच्या स्मरणात राहिला. शिक्षकांनी त्या वाटाण्याच्या वेलाचेही स्मरण ठेवावयास हवे.

त्याच सुमारास, १९११ साली, नारायण मल्हार जोशी यांनी सोशल सर्व्हिस लीग स्थापिली. गिरणगावातील कामगारांसाठी रात्रीच्या शाळा, फिरती वाचनालये आणि कंदिलाच्या चित्रांसह व्याख्याने हा तिच्या कार्याचा भाग होता. ज्याला अक्षराची ओळख नाही त्यालाही ज्ञानाचा हक्क आहे, ही श्रद्धा त्या कंदिलामागे होती, आणि चित्र उलगडून सांगणारा वक्ता समोर उभा असे.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले, १९८४ मध्ये पुण्यास शैक्षणिक कार्यक्रम तयार करणारी बालचित्रवाणी आली. त्यांनी पाठ दूरवर पोहोचविले, परंतु निवेदक काचेपलीकडे गेला. त्याला शंका विचारण्याची सोय विद्यार्थ्यास उरली नाही. आजच्या साधनांचे खरे सामर्थ्य मला येथेच दिसते: छायाचित्रे जुळवून, आपला आवाज ध्वनिमुद्रित करून स्वतः विद्यार्थीच निवेदक होऊ शकतो. असे असता कंपन्यांकडून तयार चलच्चित्रे विकत घेऊन ती वर्गात निमूटपणे दाखविणे, हा त्या साधनांचा अपव्यय होय.

लालबाग-परळच्या मुख्याध्यापकांना माझी कळकळीची विनंती आहे. १८ जानेवारी १९८२ पासूनचा गिरणी संप ज्यांनी सोसला, ते आजी-आजोबा अद्याप आपल्या चाळींत आहेत. नातवंडांच्या हाती फोन देऊन त्यांची हकिकत याच वर्षी नोंदवून घ्या, आणि ती वर्गात सांगण्याचा मान त्या मुलांनाच द्या.