मेणाचे फूल

ऐन हिवाळ्यात निष्पर्ण काड्यांवर उमलणाऱ्या एका पिवळ्या, सुगंधी फुलास चिनी लोक ‘लामेइ’ म्हणतात. पाकळी मधमाशांच्या मेणासारखी, म्हणून हे नाव. अकराव्या शतकाच्या अखेरीस सु शी व ह्वांग थिंग-च्येन या कवींनी ते रूढ केले.

पुढील शतकात फान छंग-ता (११२६–११९३) या कवीने सूचौ येथे भाड्याची सत्तर खणांची घरे विकत घेऊन पाडली आणि तेथे बाग केली. (बिऱ्हाडकरूंचे काय झाले, ते तो सांगत नाही!) त्याच्या ग्रंथात या झुडपाचे तीन प्रकार आहेत. बियांपासून वाढविलेले, कलम न केलेले, ते सर्वांत हलके: फूल लहान, गंध फिका. लोक त्यास कुत्र्यावरची माशी म्हणत. कलमाचे त्याहून बरे. आणि चंदनी रंगाचे, दाट फुलांचे सर्वश्रेष्ठ.

१७६६ मध्ये हे झुडूप इंग्लंडात क्रूम येथे कॉव्हेंट्रीच्या उमरावाकडे पोहोचले. तेथील माळी आज ते दक्षिणाभिमुख भिंतीच्या उबेला लावतात. बियांचे रोप फुलण्यास दहा-दहा वर्षेही घेते. लहान बागेत तेवढी जागा अडविण्यापूर्वी रोप कलमी आहे काय, हे विचारून घ्यावे.