झपाटलेला (चित्रपट)

झपाटलेला हा १९९३ साली प्रदर्शित झालेला मराठी भय-विनोदी चित्रपट आहे. याचे दिग्दर्शन महेश कोठारे यांनी केले असून लक्ष्मीकांत बेर्डे, महेश कोठारे, दिलीप प्रभावळकर व मधू कांबीकर यांच्या प्रमुख भूमिका आहेत. मध्यवर्ती कल्पना 'चाइल्ड्स प्ले' (१९८८) या अमेरिकन चित्रपटाशी मिळतीजुळती आहे.

कथानक

कुख्यात गुंड तात्या विंचू मांत्रिकाकडून मृत्युंजय मंत्र मिळवतो. पोलिसांच्या गोळीने मरताना तो त्या मंत्राच्या बळावर आपला आत्मा एका बाहुल्यात घालतो. हा बाहुला शब्दभ्रमकार लक्ष्याच्या हाती येतो. मानवी देह परत मिळवण्यासाठी तात्याला लक्ष्याचेच शरीर हवे असते. बाहुला जिवंत आहे, यावर कोणाचाच विश्वास बसत नाही. खुनाचा संशय मात्र लक्ष्यावर येतो.

बाहुला

तात्या विंचूचा बाहुला शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी साकारला. संगणकीय दृश्यपरिणाम मराठी चित्रपटांत रुळण्यापूर्वी, प्रत्यक्ष बाहुल्याच्या हालचालींतून भीती व विनोद दोन्ही साधल्यामुळे हे पात्र मराठी प्रेक्षकांच्या स्मरणात राहिले.

पुढील भाग

'झपाटलेला २' हा त्रिमितीय चित्रपट २०१३ मध्ये प्रदर्शित झाला. बेर्डे यांचे २००४ मध्ये निधन झाल्याने त्यात आदिनाथ कोठारे यांनी लक्ष्याच्या मुलाची भूमिका केली.