राष्ट्रपती व राज्यपाल यांच्याविरुद्धचे दिवाणी दावे

पदावर असलेल्या राष्ट्रपतींनी किंवा राज्यपालांनी वैयक्तिक नात्याने केलेल्या कृत्याबद्दल त्यांच्याविरुद्ध न्यायालयात दाद मागता येते काय, हा घटनात्मक कायद्यातील एक महत्त्वाचा प्रश्न आहे. भारतात त्याचे उत्तर राज्यघटनेच्या अनुच्छेद ३६१ मध्ये मिळते. राष्ट्रपतींवर खटला चालूच शकत नाही, असा सार्वत्रिक समज आहे व शालेय मार्गदर्शिकांतूनही तो आढळतो. फौजदारी खटल्यांपुरता आणि पदावधीपुरता तो खरा आहे. दिवाणी दाव्यांच्या बाबतीत मात्र तो चुकीचा आहे.

अनुच्छेद ३६१ मधील तरतूद

या अनुच्छेदाचे चार खंड आहेत. पहिल्या खंडानुसार, पदाचे अधिकार वापरताना व कर्तव्ये पार पाडताना केलेल्या कृतींबद्दल राष्ट्रपती व राज्यपाल कोणत्याही न्यायालयास उत्तरदायी नसतात. तथापि केंद्र किंवा राज्य सरकारविरुद्ध कार्यवाही करण्याचा नागरिकाचा हक्क अबाधित राहतो. दुसऱ्या खंडानुसार पदावधीत त्यांच्याविरुद्ध फौजदारी कार्यवाही सुरू करता येत नाही आणि आधी सुरू झालेली पुढे चालवता येत नाही. तिसरा खंड त्यांच्या अटकेस व कारावासास मनाई करतो.

प्रस्तुत विषयाशी थेट संबंध आहे तो चौथ्या खंडाचा. वैयक्तिक नात्याने केलेल्या कृत्याबद्दल, मग ते पदग्रहणापूर्वीचे असो वा नंतरचे, दिवाणी दावा दाखल करता येतो. अट एवढीच की लेखी नोटीस राष्ट्रपतींना किंवा राज्यपालांना पोचती केल्यावर अथवा त्यांच्या कार्यालयात ठेवल्यावर दोन महिने लोटले पाहिजेत. कार्यवाहीचे स्वरूप, दाव्याचे कारण, वादीचे नाव, वर्णन व राहण्याचे ठिकाण आणि मागितलेली दाद एवढा तपशील नोटिशीत असावा लागतो. सरकारची पूर्वपरवानगी लागत नाही. ही गोष्ट किती मोलाची आहे, ते या तरतुदीचा पूर्वेतिहास पाहिल्यावर कळते.

पूर्वपीठिका

ब्रिटिश संसदेच्या १९३५ च्या भारत सरकार कायद्यातील कलम ३०६ अन्वये गव्हर्नर-जनरल व प्रांतांचे गव्हर्नर यांच्याविरुद्ध हिंदुस्थानातील कोणत्याही न्यायालयात, वैयक्तिक नात्यानेसुद्धा, कसलीही कार्यवाही चालू शकत नसे. संस्थानिकांची स्थिती थोडी निराळी होती. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८६ नुसार सत्ताधीश संस्थानिकावर दावा करण्यासाठी सामान्यतः सरकारची संमती आवश्यक असे. मालवण तेव्हा ब्रिटिश अंमलाखालील रत्नागिरी जिल्ह्यात होते, तर शेजारचे सावंतवाडी हे संस्थान होते. त्यामुळे मालवणातील व्यापाऱ्यास सावंतवाडीच्या राजांवर ब्रिटिश हिंदुस्थानातील न्यायालयात दावा करायचा झाल्यास आधी सरकारची मर्जी सांभाळावी लागली असती, आणि मुंबईच्या गव्हर्नरांवर तर तो करताच आला नसता.

संविधान सभेपुढे हा विषय सप्टेंबर १९४९ मध्ये मसुद्यातील अनुच्छेद ३०२ म्हणून आला. पदाच्या कामकाजाबद्दलचे संरक्षण आणि फौजदारी कार्यवाहीस मनाई या गोष्टी प्रजासत्ताकाने ठेवल्या. खाजगी देण्याघेण्याच्या व नुकसानभरपाईच्या दाव्यांचा दरवाजा मात्र उघडला.

व्यवहारातील स्वरूप

मालवणातील एखाद्या दुकानदाराने कुणाला उसने पैसे दिले आणि पुढे ती व्यक्ती राज्यपाल झाली, अशी कल्पना करावी. दुकानदाराने राज्यपालांच्या कार्यालयात नोटीस पोचवून दोन महिने थांबावे. व्यवहार मालवणात झाला असल्याने, रक्कम अधिकारमर्यादेत असेल तर मालवणच्या दिवाणी न्यायालयातच त्याला दावा लावता येईल. त्यासाठी मुंबई गाठण्याची गरज नाही. संहितेच्या कलम १३३ नुसार राष्ट्रपती व राज्यपाल यांना न्यायालयात जातीने हजर राहण्यापासून सूट आहे, त्यामुळे राज्यपाल साक्षीसाठी मालवणास येणार नाहीत. पण तेवढ्यावरून दावा अडत नाही.

दोन महिन्यांच्या या थांबण्यात मुदत टळून जाईल काय, ही भीती स्वाभाविक आहे. उसनवारीच्या वसुलीस साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते, परंतु बदनामीच्या नुकसानभरपाईस एकच वर्ष मिळते. १९६३ च्या मुदत कायद्यातील कलम १५ नुसार कायद्याने आवश्यक केलेल्या नोटिशीचा काळ मुदतीतून वगळला जातो. ही तरतूद नसती, तर घटनेने दिलेला हक्क अनेकांच्या हातून नुसत्या नोटिशीपायी निसटला असता.

महाराष्ट्राच्या राज्यपालांचे प्रकरण

या खंडाचा महाराष्ट्राशी संबंधित प्रसंग भगतसिंह कोश्यारी यांच्या काळात घडला. कोश्यारी २००१-०२ मध्ये उत्तराखंडचे मुख्यमंत्री होते. माजी मुख्यमंत्र्यांनी वापरलेल्या सरकारी निवासस्थानांचे भाडे बाजारभावाने भरावे, असा आदेश उत्तराखंड उच्च न्यायालयाने मे २०१९ मध्ये दिला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कोश्यारी महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. आदेशाचे पालन झाले नाही म्हणून याचिकाकर्त्या संस्थेने अनुच्छेद ३६१ नुसार दोन महिन्यांची नोटीस दिली व नंतर अवमान याचिका दाखल केली. उच्च न्यायालयाने त्यांच्याकडून उत्तर मागविले. कोश्यारी सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २६ ऑक्टोबर २०२० रोजी त्यांच्याविरुद्धच्या अवमान कार्यवाहीस स्थगिती मिळाली. वाद मुंबईतील पदाचा नव्हता, डेहराडूनमधील घरभाड्याचा होता. शिवाय न्यायालयाचा अवमान ही साध्या दाव्याहून वेगळी कार्यवाही असून तीत शिक्षाही होऊ शकते. चौथ्या खंडाची चौकट तिला कितपत लागू पडते, हा या प्रकरणातील खरा पेच म्हणावा लागेल.

निखळ कौटुंबिक स्वरूपाचा दावा याआधीच घडला होता. आंध्र प्रदेशचे तत्कालीन राज्यपाल नारायण दत्त तिवारी हे आपले जनक आहेत, असे जाहीर करून मिळावे यासाठी एका तरुणाने २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. डिसेंबर २००९ मध्ये तिवारींनी राज्यपालपद सोडले. पुढे न्यायालयाच्या आदेशाने डीएनए चाचणी झाली आणि जुलै २०१२ मध्ये जाहीर झालेल्या अहवालातून वादीचे म्हणणे खरे ठरले.

कोणाला संरक्षण नाही

पंतप्रधान, मुख्यमंत्री व मंत्री यांना अनुच्छेद ३६१ लागू नाही. कोकणातील बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना सिमेंट वाटपाच्या प्रकरणी मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी १९८२ मध्ये त्यांच्याविरुद्ध निष्कर्ष नोंदविले आणि त्यांना पद सोडावे लागले. सिंधुदुर्गचे नारायण राणे यांना केंद्रीय मंत्री असताना २४ ऑगस्ट २०२१ रोजी एका वक्तव्याबद्दल अटक झाली होती. राज्यपालांबाबत असे घडू शकत नाही.

अन्य देश

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये निक्सन विरुद्ध फिट्झजेराल्ड या खटल्यात अधिकृत कृत्यांबद्दल अध्यक्षांना नुकसानभरपाईच्या दाव्यांपासून पूर्ण संरक्षण दिले. २७ मे १९९७ रोजी क्लिंटन विरुद्ध जोन्स या खटल्यात मात्र, पदग्रहणापूर्वीच्या खाजगी वर्तनाबद्दलचा दावा अध्यक्षपदाच्या काळातही चालेल, असा एकमुखी निर्णय झाला. अशा दाव्यात अध्यक्षांचा फारसा वेळ जाणार नाही, ही न्यायमूर्तींची अपेक्षा फोल ठरली. याच दाव्यातील शपथेवरील जबानीतून पुढे महाभियोग उद्भवला. सिनेटने फेब्रुवारी १९९९ मध्ये क्लिंटन यांना दोषमुक्त केले. मूळ दावा त्याआधीच नोव्हेंबर १९९८ मध्ये साडेआठ लाख डॉलरवर मिटला होता. फ्रान्सने २००७ च्या घटनादुरुस्तीने उलट मार्ग स्वीकारला. तेथे अध्यक्षांविरुद्ध पदावधीत दिवाणी दावाही चालत नाही. मात्र मुदतीचे घड्याळ थांबते आणि पद सुटल्यावर एका महिन्याने कार्यवाही करता येते. भारताची दोन महिन्यांची नोटीस या दोन टोकांच्या मधली असली, तरी अमेरिकी मार्गाला ती अधिक जवळची आहे.

दिवाणी व फौजदारी यांतील विसंगती

एकाच गैरवर्तनातून दिवाणी व फौजदारी असे दोन्ही मार्ग निघत असतील, तर भारतात विचित्र स्थिती उद्भवते. पीडित व्यक्ती नुकसानभरपाईचा दावा दोन महिन्यांत लावू शकते, पण गुन्ह्याबद्दलचा खटला पद सुटेपर्यंत थांबतो. राज्यपालपदाचा सामान्य कालावधी पाच वर्षांचा असला, तरी फेरनियुक्तीस किंवा दुसऱ्या राज्यात नेमणुकीस घटनेत मर्यादा नाही. अयोध्या प्रकरणी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, राजस्थानचे राज्यपाल कल्याणसिंह यांच्यावर ते पदावरून दूर होताच आरोप निश्चित करावेत, असे सांगितले. ती वेळ सप्टेंबर २०१९ मध्ये आली. पश्चिम बंगालच्या राज्यपालांवर लैंगिक छळाचा आरोप करणाऱ्या एका कंत्राटी महिला कर्मचाऱ्याने हेच संरक्षण किती दूर जाते, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे मांडला. १९ जुलै २०२४ रोजी न्यायालयाने त्यावर नोटीस काढली आणि दुसऱ्या खंडाच्या व्याप्तीचा विचार करण्याचे मान्य केले.